बिनमुंडक्याची बाई

१

ग्रिम्स्टन साहेबाच्या अमरावतीच्या बंगल्यात मंगळवारी सकाळी देवी फुटलेली सापडली आणि दुपारच्या आत वलगावच्या मैनाबाईच्या हाताला दोरी लागली. खून पडला तरी ज्या कचेरीतला कागद महिनाभर जागचा हलत नसे, तिनं वीतभर मातीसाठी अर्ध्या दिवसात गुन्हेगार पकडून दाखवला.

साल अठराशे पासष्ट. तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढून मेले आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस मुंबईला लवकर पोचावा म्हणून बडनेऱ्यापर्यंत आगगाडीचा भराव टाकायची घाई चालली होती. भरावाचा ठेकेदार हाच ग्रिम्स्टन. कार्तिकात तिथं माती खोदताना मैनाबाईच्या कुदळीला कच्च्या मातीची एक पेटी लागली. पेटीत मातीचीच एक बाई. उघडी, भरल्या अंगाची, मुंडकं नसलेली. साहेब धावत आला, बाई रुमालात गुंडाळून घेऊन गेला, आणि आठ दिवसांत त्यानं कलकत्त्याच्या विद्वानांना चाळीस पानं लिहून धाडली. ही रानटी लोकांची प्रजननाची देवता. हिच्यापुढे माणसं कापत, म्हणून हिला मुंडकं नाही. चाळीस पानं! वलगावात त्यानं एकाही माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता.

साहेबाचे मुनशी भगवंतराव स्वतः पंचनामा घेऊन वलगावला आले. पाटलाच्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि कागद पुढे सारला.

"नत्थुजी, इथे तुमची नांगराची निशाणी काढा. उद्या संध्याकाळी कलकत्त्याचे बार्लो साहेब देवी पाहायला येताहेत. कागद त्याआधी पुरा हवा."

नत्थुजी पाटलाला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी तो नांगर काढायचा, बापानं काढला तसा. त्यानं बोरू उचलला नाही.

"वाचून दाखवा."

भगवंतरावांनी वाचलं. सोमवारी दुपारी मैनाबाई बंगल्यावर येऊन देवी मागत होती. मंगळवारी देवी फुटलेली. मैनाबाईच्या झोपडीत त्याच खोदकामातला मातीचा बैल आणि दोन बोळकी सापडली. शिक्षा मागितलेली, दोन वर्षं सक्तमजुरी, अकोल्याचा तुरुंग.

"फोडताना कोनं पायलं?"

"पाहायची गरज नाही. साहेबांची खात्री आहे."

"अन मी निशाणी नाही काढली तं?"

भगवंतरावांनी उपरणं झटकलं. "तर वलगावला दुसरा पाटील मिळेल. उद्या संध्याकाळपर्यंत विचार करा."

२

मैनाबाईला कॅम्पाच्या चौकीत ठेवलं होतं. विधवा बाई, कुणब्याची, दीर-जावांनी वावरातून हाकललेली. घरी सात वर्षांची लेक, शकुन. नत्थुजीला पाहून मैनाबाई उठली नाही, रडलीही नाही.

"पोट्टी कुठी हाये, पाटील?"

"माह्या घरी. जेवली."

"मंग इचारा काय इचाराचं थे."

"बैल अन बोळकी तुह्या घरात कशी आली?"

"सायबानं फेकली म्हून! पेटीत सारंच होतं संगंसंगं. बाई होती, बैल होता, बोळकी होती. सायबानं बाई तेवढी उचलली, बाकीचं लाथेनं भरावात ढकललं. मी वेचलं शकुनसाठी. भातुकलीच होती ना जी थे!"

"भातुकली?"

"नाही तं काय? कोन्या पोट्टीची असंन, मायनं पेटीत ठिवली असंन. मी सायबाले तीनदा सांगाले गेली, म्हटलं तुमचं पाहून झालं असंन तं द्या, शकुन रडून राहिली. त्यानं कुत्रं सोडलं."

"पन मुंडकं नव्हतं न तिले. मुनशी म्हनते माहूरची रेणुका."

मैनाबाई हसली. चौकीत, हाताला दोरी असताना, ती खरोखर हसली. "मानेत भोक होतं, पाटील. काडी घालाले. काडीवर चिंधीचं मुंडकं बसवतात पोरी. चिंधी कुजली, काडी कुजली, बाई राहिली. यात रेणुका कुठून आली?" मग हसू विझलं. "अन पाठीवर खळगे होते. चार. इवल्या बोटांचे. ओल्या मातीले धरलं असंन तिनं. मी शकुनचं बोट ठिवून पायलं होतं. बरोब्बर बसलं."

नत्थुजीनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुटलेले तुकडे दाखवले का तुले?"

"दाखवले. मी म्हटलं, हे थे नाहीच. शिपायानं मुस्काटात मारली."

३

गुन्हेगार आपल्या गावचा म्हणजे मुद्देमाल पाहायचा पाटलाला हक्क. साहेब भरावावर गेला होता. भगवंतरावांनी बंगल्यातल्या कचेरीत कुरकुरत तबक पुढे केलं. मलमलीखाली अकरा तुकडे.

भिंतीवर साहेबानं काढलेलं देवीचं चित्र टांगलं होतं. पुढूनच काढलेलं. पाठ काढायची साहेबाला गरज वाटली नसावी. त्याच्या चाळीस पानांना लागणारं सगळं पुढेच होतं.

नत्थुजीनं पाठीचे तुकडे जुळवले. पाठ गुळगुळीत. एक खळगा नाही.

मग त्यानं एक तुकडा उजेडाला धरला. मोडलेल्या कडेतून केसासारखं काहीतरी बाहेर डोकावत होतं. नखानं ओढलं. कापूस.

वऱ्हाडात पोरींच्या खेळाची मातीची भुलाबाई करताना बाया मातीत कापूस मळतात, वाळताना तडे जाऊ नयेत म्हणून. कोणी शिकवत नाही. आजी करते म्हणून आई करते, हात आपोआप रुईकडे जातो. त्यात नवल काही नव्हतं. पण नत्थुजीनं ते चार धागे अंगठा आणि बोटात धरून ताणले, आणि त्याचा चेहरा बदलला. चाळीस वर्षं तो असा कापूस ताणत आला होता. डोळे मिटून तो सांगायचा, हा वलगावचा, हा अचलपूरकडचा. इथल्या बनी कपाशीचा धागा बोटाचं पेर गाठत नाही. हा पेर ओलांडून गेला होता. रेशमासारखा, पांढराशुभ्र. त्यात सरकीचं एक टरफल चिकटलेलं, त्यावर हिरवट लव.

असली सरकी अख्ख्या वऱ्हाडात त्यानं एकाच ठिकाणी पाहिली होती. खिडकीतून ते दिसतच होतं. बंगल्यामागचं पाऊण एकर वावर, जिथं ग्रिम्स्टन साहेबानं हौसेनं विलायती कपाशी लावली होती आणि जिथली बोंडं याच महिन्यात पहिल्यांदा फुटली होती.

म्हणजे फुटलेली देवी याच महिन्यात घडलेली होती.

मग खरी कुठं गेली?

४

राजापेठेत ओमप्रकाशची कापसाची वखार. एका मुंबईच्या श्रीमंताचा हा दलाल. जुन्या मूर्तींनाही त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं, आणि देवीसाठी तो बंगल्यावर दोनदा खेटे घालून आला होता. गठाणींच्या ढिगावर तो पान चघळत बसला होता.

"पाटीलजी, मी माल चोरीन, फोडीन कशाले? फुटलेल्याले कोण विचारते?" तो म्हणाला. "आणि ऐका, दुसऱ्या खेपेस साहेबानं मला हात लावू दिला नाही. पहिल्या खेपेस स्वतः हातात दिली होती. दुसऱ्या खेपेस म्हणे, लांबूनच पाहा. मी तेव्हाच म्हटलं, काहीतरी गडबड हाय."

"दुसरी खेप कवा?"

"आठ दिवस झाले."

"सोमवारी कुठी होते तुमी?"

"अकोल्याला. सौदा होता. शंभर माणसं सांगतील." मग डोळे बारीक करून, "मुनशीला विचारा ना. त्यानं गावी ओटा बांधलाय देवीसाठी. मूर्तीवाचून ओटा कोण बांधते?"

भगवंतराव कचेरीच्या मागच्या ओसरीत एकटेच होते. नत्थुजीनं ओट्याचं नाव काढताच ते पांढरे पडले.

"बांधला आहे. नाकारत नाही. ती रेणुकामाता आहे, नत्थुजी. म्लेच्छाच्या टेबलावर, दारूच्या पेल्याशेजारी ती राहावी हे मला सोसवत नव्हतं. मी साहेबाला विनवलं, तुमचं लिहून झालं की मला द्या. तो हो म्हणाला होता."

"मंग बदलली तुमी. खोटी ठिवली अन खरी ओट्यावर नेली."

"ओट्यावर काही नाही! जाऊन पाहा!" मुनशीचा आवाज चिरकला. मग एकदम उतरला. "मी विचारलं होतं एकदा... देवीची पूजा राहिली आहे म्हणून. तर साहेब म्हणाला, आंघोळ मी घातली तिला. आणि खूप हसला. मला वाटलं, दारू बोलतेय."

नत्थुजी जवळ सरकला.

"मुनशीजी, थे माती कच्ची होती का भाजलेली?"

"मला काय ठाऊक? देवीला मी हात कसा लावीन? पारोसा होतो."

एकानं हात लावला नाही कारण ती देवी. दुसऱ्यानं घासली कारण ती पुरावा. नत्थुजी ताडकन उठला आणि बंगल्यातलं सांडपाणी जिथं ओतत, त्या गुलाबाच्या ताटव्याकडे चालू लागला.

५

पार्बताबाई बंगल्याच्या माळ्याची बायको. नवरा तापानं पडलेला, म्हणून बाग तीच सांभाळायची. नत्थुजी गुलाबाच्या आळ्यांपाशी उकिडवा बसला. जमीन काळी, पण एका आळ्यात पिवळसर गाळाची पापडी धरली होती, पातळ, तडकलेली. बडनेऱ्याच्या खोदकामातली खालच्या थराची माती हाच रंग दाखवायची.

"हे कोनं वतलं, माय?"

ती खुरपं हातात धरून उभी राहिली. बोलेना.

"मैनीच्या पोट्टीले मी घरी ठिवून आलो," नत्थुजी म्हणाला. "सात वर्साची हाये. दोन वर्सं मायवाचून राहीन."

पार्बताबाई खाली बसली. "माह्यं नाव घेसान नोको, दादा. माह्या मालकाले चाबकानं फोडतीन. घ्या आन."

त्यानं आळ्यातली माती हातात घेतली. "आन."

मग ती बोलली, भराभर, इकडेतिकडे पाहत. पंधरा दिवसांपूर्वी साहेबानं घंगाळात पाणी मागितलं, साबण मागितला, दाढीचा ब्रश घेतला. दार लावून बसला. थोड्या वेळानं आतून मोठ्यानं शिव्या ऐकू आल्या. मग घंगाळ बाहेर आलं, त्यात नुसता गाळ. ती म्हणाली, "मी पायलं तवाच समजली. भुलाबाईले पान्यात सोडलं का काय होते, लेकराले ठाव असते! एवढा शिकेल मानूस, अन कच्च्या मातीले साबन लावते?"

"मंग?"

"मंग मले चित्र दाखवलं. म्हने अशी करून दे, कोनाले सांगशीन तं पाहून घेईन. मी केली. कापूस मागच्या वावरातला घेतला, जवळ होता म्हून. पाठ कशी होती मले काय मालूम? चित्रात पाठच नव्हती."

"सोमवारी काय झालं?"

"कलकत्त्याचं पत्र आलं. मोठा सायब येते म्हने, भिंगातून पाहाले. तिसऱ्या पहारी मैना आली, सायबानं हाकललं तिले. अन ती फाटकातून बाहेर पडली नाही पडली, तं आत खळ्ळकन आवाज झाला."

सगळं जुळलं होतं. अख्खी मूर्ती भिंगाखाली खोटी ठरली असती. चोरी झाली असं म्हटलं असतं तर शोध झाला असता. फुटली म्हटलं की शोध संपला. आणि फोडणारी तर फाटकातून जातच होती, पायानं अनवाणी, जातीनं गरीब, तोंडानं फटकळ. चाळीस पानं वाचवायला एक बाई पुरे होती.

६

बार्लो साहेब म्हातारा होता, पांढऱ्या भुवयांचा, पाहिल्यावर सज्जन वाटावा असा. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. ग्रिम्स्टन शेजारी. मैनाबाई पायरीखाली, दोरीसकट. पार्बताबाई फुलांची परडी घेऊन खांबाआड. भगवंतराव इकडचं तिकडे सांगायला मध्ये उभे.

नत्थुजीनं पंचनामा हातात घेतला, बाजूला ठेवला आणि एक लोटा पाणी मागितलं. तबकातला एक तुकडा उचलून त्यानं लोट्यात टाकला. पाहता पाहता तुकडा विरघळला. पाण्यावर कापूस तरंगला.

"मुनशीजी, सांगा सायबाले. ही कच्ची माती हाये. पान्यात टिकत नाही. हिच्यात कापूस हाये. अन हा कापूस," त्यानं कनवटीतलं मागच्या वावरातलं बोंड काढून धागे शेजारी शेजारी ताणून धरले, "हा कापूस या मुलखात औंदाच आला, अन तोही या बंगल्यामागंच. म्हंजे ही बाई औंदाचीच. खोटी हाये. खरी आंघोळीत इरघळली, तिचा गाळ गुलाबाच्या आळ्यात हाये. जी खरी होती थे मैनीनं फोडली नाही, कारन ती आधीच गेली होती. अन ही जी फुटली थे खोटी होती. मंग या बाईवर गुन्हा कायचा?"

भगवंतरावांनी सांगितलं. कधी नव्हे ते सगळं सांगितलं. ग्रिम्स्टनच्या कपाळावर घाम आला. सगळ्यांची पावलं वळली ती गुलाबांकडे, पण आळी सकाळीच खुरपून काळीभोर केलेली. नत्थुजीनं खांबाकडे पाहिलं. पार्बताबाईनं मान खाली घातली.

बार्लो साहेबानं भिंग लावलं. त्यानं दोन्ही धागे पाहिले. पुन्हा पाहिले. सरकीचं टरफल पाहिलं.

मग म्हातारा उठला आणि त्यानं ग्रिम्स्टनचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी. घडाघडा बोलत सुटला. भगवंतराव ऐकत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हनते?"

"म्हणतात," भगवंतराव सावकाश म्हणाले, "हा फार मोठा शोध आहे. हजारो वर्षांपूर्वी या भूमीत लांब धाग्याचा कापूस पिकत होता. देवीच्या पोटात तो भरून ठेवत, कारण ती कापसाचीही देवी होती. मधल्या काळात इथल्या आळशी रयतेनं ते बियाणं घालवलं. ग्रिम्स्टन साहेबांच्या वावरात ते परत आलं. म्हणतात, विलायती सरकी सक्तीनं पेरायला लावावी असं ते सरकारला लिहिणार."

नत्थुजीला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. "अजी, औंदाची माती हाये ही! मानसानं मळली!"

बार्लो साहेबानं हिंदुस्तानीत विचारलं, शांतपणे, "किसने?"

खांबाआड परडीतली फुलं थरथरत होती. नत्थुजीनं आण घेतलेला हात धोतराला पुसला.

"मालूम नाही."

ग्रिम्स्टननं चिरूट पेटवला.

७

म्हातारा दयाळू निघाला. या बाईनं देवी फोडली नसती तर आतला कापूस कोणाला दिसला असता? अजाणतेपणी तिनं विद्येची सेवाच केली. तेव्हा तुरुंग नको. 'मी फोडली, माफी असावी' एवढ्या कागदावर तिनं अंगठा लावावा, पाटलानं साक्षीची निशाणी काढावी, आणि घरी जावं. फोडल्याचा कागद मात्र पाहिजे. तुकडे खरे कशावरून, असं उद्या कोणी विचारलं तर?

नाही लावला, तर पहिला पंचनामा आहेच.

"मी नाही फोडली," मैनाबाई म्हणाली.

"ठाऊक आहे," भगवंतराव पुटपुटले. त्यांच्या रेणुकेचाही त्या कागदात कापूस झाला होता.

नत्थुजी तिच्याजवळ गेला. "नोको लावू, मैना. मी अकोल्याले येतो तुह्यासंगं. वरच्या कोर्टात जाऊ. पाटीलकी गेली तं गेली."

"अन तोवर शकुनले कोन पाहीन? तुमचा नांगर?" तिनं वर पाहिलं. "तुमी खरं हुडकलं, पाटील. लई हुडकलं. पन त्या खऱ्याले इथं कोनी गिऱ्हाईक नाही."

तिनं अंगठा शाईत बुडवला आणि असा दाबला की कागद फाटायचा राहिला. तिच्या अंगठ्याशेजारी नत्थुजीनं नांगर काढला. जन्मात पहिल्यांदा त्याला तो वाकडा आला.

वलगावच्या वाटेवर कापसाच्या गाड्या अमरावतीकडे जात होत्या, एकामागं एक. धुळीतून दोघं कडेनं चालले. अर्ध्या वाटेवर मैनाबाई थांबली.

"पाटील, आता हे कोनाले सांगसान नोको."

"काहून? मी तं साऱ्या गावाले सांगीन. देवळापुढं उभा राहून सांगीन!"

"सांगसान तं मी खोटा अंगठा लावला असं होईन. अन खोट्या अंगठ्याले पुन्हा तुरुंग. तुमचं खरं आता माह्या गळ्याशी बांधेल हाये."

नत्थुजीच्या तोंडाशी शिवी आली. ती कोणाला द्यावी ते त्याला कळेना. साहेबाला, म्हाताऱ्याला, की माती हातात घेऊन आण वाहणाऱ्या स्वतःला.

गाव त्यांच्या आधीच सगळं ऐकून बसलं होतं. विहिरीवरच्या बायांनी मैनाबाईला पाहून घागरी उचलल्या आणि वाट सोडली, जशी विटाळाला सोडतात. देवी फोडणारी. नत्थुजीच्या ओट्यावरून शकुन धावत आली आणि तीन पावलांवर थबकली.

"आये," ती म्हणाली, "तू देवी फोडली? सारे म्हनून राहिले."

बाया ऐकत होत्या. मैनाबाईनं एकदा नत्थुजीकडे पाहिलं.

"हाव," ती लेकीला म्हणाली. "म्याच फोडली."